विहिरीत आधी कोण उतरणार

लेकीला पोहायला शिकायचं होतं, तेही आष्टीजवळ माझ्या माहेरच्या शेतातल्या विहिरीत. मी तिथेच शिकले होते, त्यामुळे मी लगेच हो म्हटलं. तिच्या बाबांनी तितक्याच लगेच नाही म्हटलं. यांचं सगळं आयुष्य वर्ध्याच्या बाजारात, कापडाच्या दुकानात गेलेलं. शहरात पोहण्याचा तलाव आहे, शिकवणारे आहेत, विहीर कशाला, असं त्यांचं म्हणणं.

लेकीसमोर भांडायचं नाही, हे आमचं आधीपासून ठरलेलं. म्हणून भाजीचं निमित्त काढून आम्ही स्कूटरवर निघालो आणि बोरगाव मेघेच्या रस्त्यावर एका रसवंतीत बसलो. मी बरंच बोलले. माझ्या भावाने गावातल्या निम्म्या पोरांना पोहायला शिकवलं, विहिरीला पायऱ्या आहेत, आणि माझ्या माहेरावर तुमचा भरवसाच नाही, हेही बोलून गेले. ते रसाचा पेला हातात नुसता फिरवत होते.

मग हळूच म्हणाले, "भरवसा हाये. पण मलेच पोहता येत नाई. तिले काही झालं त मी काठावर उभा राहून काय करू?"

इतक्या वर्षांच्या संसारात हे मला ठाऊक नव्हतं. माझा राग कुठल्या कुठे गेला.

"मंग तुम्ही बी शिका," मी म्हटलं. "तिच्या आधी तुम्ही उतरा."

ते हसले, आणि तयार झाले.

मे महिन्यात भावाने दोघांच्याही पाठीला रिकाम्या प्लास्टिकच्या कॅन बांधल्या. ठरल्याप्रमाणे आधी बाबा उतरायचे होते. पण ते शेवटच्या पायरीवर गुडघाभर पाण्यात थबकले आणि लेकीने त्यांच्या शेजारूनच उडी टाकली. वर आली, तोंडावरचं पाणी पुसलं आणि हात पुढे केला.

"या ना बाबा. मी आहो ना."

ते उतरले. नाकातोंडात पाणी गेलं, खोकले, पायरी धरली, पुन्हा सोडली. पाय कसे मारायचे ते लेक त्यांना मास्तरणीसारखी सांगत होती आणि ते मुकाट्याने ऐकत होते. दुपारपर्यंत या काठावरून त्या काठापर्यंत गेले, तेव्हा भावाने टाळ्या वाजवल्या.

मी वर बसून हसून हसून दमले होते. लेकीने खालून हाक मारली. लग्नानंतर मी पाण्यात उतरलेच नव्हते. ओढणी भावाच्या हातात दिली आणि वरूनच उडी घेतली.