नलूमावशीला नवं हवं होतं

नलूमावशीचा फोन आला की पहिली काही मिनिटं तक्रार ऐकायची, हे आमच्या घरात ठरलेलंच आहे. ती गुडघ्यांबद्दल बोलत नाही, महागाईबद्दलही नाही. तिची तक्रार पुस्तकांबद्दल असते.

नलूमावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण, नलिनी खानझोडे. आजोबा नागपूरला सरकारी कचेरीत कारकून होते. राज्यांची नवी मांडणी झाली तेव्हा ते कचेरीसोबत भोपाळला आले, आणि मावशीचा जन्म शिवाजी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये झाला. शिक्षण भोपाळात, नोकरी भोपाळात, लग्नही भोपाळातल्याच मराठी घरात. काका जाऊन बरीच वर्षं झाली. आता ती कोटरा सुल्तानाबादला मुलगा हेमंत आणि सून प्राजक्ता यांच्यासोबत राहते.

नोकरीत तिचा दिवस आकडेवारीचे तक्ते जुळवण्यात जायचा. घरी आली की गोष्टी हव्यात. आणि त्या दर वेळी वेगळ्या जातीच्या. रहस्यकथा संपली की ग्रामीण कादंबरी, ती संपली की विज्ञानकथा, मग कवितासंग्रह, मग एखादी अंगावर काटा आणणारी भुताची गोष्ट. ठाऊक असलेल्या लेखकाचं ठाऊक असलेलं पुस्तक पुन्हा हातात घ्यायला तिला कंटाळा यायचा. "ज्याचं नाव मी ऐकलेलं नाही असा कोणीतरी आण," असं ती नागपूर-पुण्याला जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. माणसं हो म्हणायची आणि येताना हमखास तेच आणायची जे प्रत्येक मराठी घरात आधीपासून असतं. तिच्याकडे अशा एकाच पुस्तकाच्या चार प्रती जमल्या होत्या.

भोपाळच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये दोन लोखंडी कपाटं भरून पुस्तकं आहेत. ती तिची केव्हाच वाचून झाली. नवी भर कशी पडते, तर कोणाचे वडील गेले की मुलं त्यांचं कपाट रिकामं करून मंडळाला देतात.

"आमच्याकडे नवं साहित्य यायला कोणीतरी मरावं लागतं," मावशी म्हणायची. "आणि मेलेल्यांनी तरी नवं कुठे वाचलेलं असतं!"

दोन हिवाळ्यांपूर्वी तिच्या डोळ्यांनी दगा दिला. पडद्याचा मधला भाग खराब झाला. कडेचं दिसतं, पण जिथे नजर टाकावी तिथेच राखाडी डाग. म्हणजे खोलीत चालता येतं, भाजी चिरता येते, समोरच्या माणसाचे कान दिसतात, पण चेहरा नाही. आणि ओळ नाही. डॉक्टरांनी डोळ्यात इंजेक्शनं दिली आणि सांगितलं, आहे तेवढं टिकवू, गेलेलं येणार नाही.

"म्हणजे मला वाचता येणार नाही?" तिनं विचारलं.

"आप सुन सकती हैं ना, आंटी," डॉक्टर म्हणाले. "आजकल तो सब कुछ सुनने को मिलता है।"

हेमंतनं लगेच तिच्या फोनवर पुस्तकं ऐकण्याचं ॲप घातलं. ॲपनं तिचं वय विचारलं, तिनं खरं सांगितलं. तिथेच घोटाळा झाला. सदुसष्ट वर्षांच्या बाईला काय हवं हे ॲपनं स्वतःच ठरवलं: स्तोत्रं, सांधेदुखीवर घरगुती उपाय, आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या कादंबऱ्या. कितीही पुढे सरकवा, पुन्हा तेच. फोनशी बोलून पाहा, असं हेमंत म्हणाला. ती फोन तोंडाशी धरून म्हणाली, "नवीन कथा." फोननं सत्यनारायणाची कथा लावली. "नवी कविता ऐकव," तर फोननं विचारलं, कविता ब्यूटी पार्लर को कॉल लगाऊँ?

मला हसू आलं होतं. तिला नाही. "तू हस. तुला डोळे आहेत," ती म्हणाली.

बऱ्याच खटपटीनंतर एका नव्या कवीच्या कविता सापडल्या, पण वाचणारा गृहस्थ प्रत्येक ओळीला रडायच्या बेतात होता आणि मागे बासरी सुरू. एखादी ओळ कळली नाही म्हणून मागे जावं, तर बोट कुठे ठेवायचं ते दिसत नव्हतं. बोट कुठेतरी पडायचं आणि कविता पहिल्यापासून सुरू व्हायची, बासरीसकट. तिनं फोन उशीखाली दाबून ठेवला.

मग ती मंडळाच्या सेक्रेटरींकडे, विजय मुळ्यांकडे गेली. महिन्यातून एकदा नव्या पुस्तकांचं वाचन ठेवा, म्हणाली. पुस्तकं माझी भाची नागपूरहून पाठवेल, वाचणारे मंडळातलेच. मुळे चांगले गृहस्थ आहेत. त्यांनी हॉल दिला, चहा सांगितला. वीसेक माणसं जमली. मी पाठवलेल्या एका तरुण मुलीच्या कवितासंग्रहातली कविता मुळ्यांनी वाचायला घेतली. ती तुंबलेल्या गटारावर होती. दुसऱ्या कडव्यातच एक बाई उठून गेल्या. मागून कोणीतरी म्हणालं, "काहीतरी हलकंफुलकं घ्या ना!" मुळ्यांनी अंदाज घेतला, पुस्तक मिटलं आणि एका सभासदाला नाट्यगीत म्हणायला सांगितलं. टाळ्या पडल्या. मावशी चहा न पिता रिक्षा करून घरी आली.

"त्यांना ऐकायचंय ते त्यांना पाठ आहे," ती मला फोनवर म्हणाली. आवाज अगदी थकलेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्राजक्ता म्हणाली, "आई, मी वाचू का?"

प्राजक्ता जबलपूरच्या मराठी घरातली. शाळा हिंदी, नोकरी हिंदी-इंग्रजीत. महाराणा प्रताप नगरमध्ये एका विमा कंपनीच्या ऑफिसात दुपारची पाळी असते तिची. मराठी बोलते ती घरापुरती. पुस्तक कधी धरलेलं नव्हतं. पण लिपी तीच, म्हणून तिला वाटलं जमेल.

जमलं नाही. तिची जीभ ळ वर घसरायची. "काळ आला होता, दार लोटून गेला," अशी एक ओळ होती. तिनं वाचलं, "काल आला होता."

"कोण आला होता काल?" मावशीनं विचारलं.

"माहीत नाही. लिहिलं नाहीये कोण ते."

"अगं, काळ! ळ, ळ. बाळाचा ळ."

"पण आई, काल पण तर चांगलं लागतंय ना. काल आला, दार ढकलून गेला. मतलब, आज नाहीये."

"तुला चांगलं लागतंय म्हणून कवीनं लिहिलेलं बदलायचं का?"

असं रोज. एका पानाला अर्धा तास. सकाळच्या चहाचं रणांगण होतंय, असं हेमंतनं मला कळवलं. त्यात मी एक संग्रह पाठवला, तो पूर्ण बोलीतला होता. प्राजक्ता दर ओळीला थांबून विचारायची, "आई, याचा मतलब?" आणि पहिल्यांदाच मावशीला सांगता येईना. दहातले चार शब्द तिलाही कळत नव्हते. ती "पुढे वाच" म्हणत राहिली आणि शेवटी म्हणाली, "पुरे आज."

त्या दिवशी तिनं मला फोन केला तेव्हा तक्रारीची पट्टी वेगळी होती.

"मी मराठी कोणती बोलते गं?" तिनं विचारलं. "माझे वडील ज्या वर्षी इकडे आले त्या वर्षीची. तीच जपून ठेवली आम्ही, लोणच्यासारखी. तिकडे भाषा कुठच्या कुठे गेली. मी सुनेचे ळ सुधारत बसले, आणि मलाच समजत नाही पोरं काय लिहून राहिली आहेत."

मी म्हटलं, "मलाही नाही समजत सगळं."

"तू तिथे आहेस. तू कोणालातरी विचारू शकतेस. मी कोणाला विचारू? मुळ्यांना?"

कविता थोड्या बाजूला ठेवू, असं म्हणून मी एक भयकथा पाठवली. नवीन लेखकाची, जाडजूड. धरणाखाली गेलेलं एक गाव, आणि दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की बुडालेल्या शाळेची घंटा ऐकू येते. भाषा साधी होती. पहिल्याच प्रकरणात गावचा मास्तर पाण्याच्या काठी उभा राहतो आणि आतून हजेरीचा आवाज येतो. प्राजक्ता वाचता वाचता थांबली.

"आई, हे दिवसा वाचतोय ते बरं आहे."

"वाच, वाच!"

ते दोन आठवडे चांगले गेले. रोज एक प्रकरण. ळ चुकला तरी मावशी टोकत नव्हती. घाई तिलाही होती. हेमंतला नाश्ता उशिरा मिळायला लागला.

मग एका सकाळी मास्तरांची बहीण गावात येते ते प्रकरण सुरू होतं. प्राजक्ता वाचत होती, आणि बहिणीचं नाव आलं की तिचा आवाज किंचित पडत होता. मावशीला चेहरे दिसत नाहीत, पण या दोन वर्षांत तिचे कान फार तिखट झाले आहेत.

"थांब. तू पुढचं वाचलंयस."

प्राजक्तानं पुस्तक मिटलं.

"कुठपर्यंत?"

"पूर्ण. ऑफिसमध्ये जेवणाच्या सुटीत."

"माझ्याशिवाय?" मावशी ताडकन उठली. "उष्टं केलंस पुस्तक! मी इथे घंटा कोण वाजवतं म्हणून दिवसभर डोकं खाजवत बसते, आणि तू मला वाढतेस उष्टं!"

"आई, मला राहवलं नाही."

"मला राहवतं का? माझ्यापाशी दुसरा इलाज नाही म्हणून राहते मी!"

आता प्राजक्ताही उभी राहिली. "तुम्ही मला काय टेपरेकॉर्डर समजता का? आयुष्यात पहिल्यांदा मी एक पूर्ण मराठी पुस्तक वाचलं. पहिल्यांदा! मला वाटलं तुम्हाला सांगीन तर खूश व्हाल. आणि तुम्ही मला झापून राहिल्या."

त्याच संध्याकाळी ती आतेबहिणीच्या लग्नाला जबलपूरला गेली. जाणं आधीच ठरलेलं होतं, पण निघताना दोघी बोलल्या नाहीत. पुस्तक चहाच्या टेबलावर तसंच राहिलं.

त्या आठवड्याचं वर्णन हेमंत अजूनही कपाळाला हात लावून करतो. पहिल्या दिवशी त्यानं स्वतः वाचायला घेतलं. तो बँकेत आहे, आणि परिपत्रक वाचावं तसं त्यानं ते प्रकरण वाचलं. मध्ये कंटाळून दोन परिच्छेद गाळले, तेही मावशीनं पकडले. दुसऱ्या दिवशी तिनं त्याला हात जोडून थांबवलं. मग भिंग काढलं. डोळ्याच्या कडेनं, मान वाकडी करून, अक्षर अक्षर जुळवत ती वाचायला बसली. 'पा' दिसायचा, 'णी' डागात जायचा, मान हलवावी तर 'पा' गायब. सकाळभरात अर्धं पान झालं आणि डोकं ठणकायला लागलं. भिंग तिनं इतक्या जोरात ठेवलं की कपातला चहा सांडला.

"प्राजक्ताला फोन करून विचार ना घंटेचं काय झालं ते," हेमंत म्हणाला.

"मला सांगायला नको आहे, वाचायला हवं आहे!" मावशी ओरडली. "तुला यातला फरक कळत नाही, हेच तर दुःख आहे!"

प्राजक्ता परत आली ती रविवारी. बॅग ठेवली, हातपाय धुतले, चहा केला आणि टेबलाशी बसली. कोणीच माफी मागितली नाही. मावशीनं पुस्तक तिच्याकडे सरकवलं.

"शेवट सांगू नकोस. वाच."

"वाचते. पण पुढचं पुस्तक मी निवडणार."

"काय निवडणार तू?"

"ते मी बघीन. मंजूर?"

मावशीनं चहाचा कप पुढे ओढला. "मंजूर."

शेवटची प्रकरणं त्यांनी एकाच बैठकीत संपवली. आणि घंटा कोण वाजवत होतं? मास्तरांची बहीणच. भूत नाही, शाप नाही. जमिनीच्या मोबदल्यासाठी लोकांना घाबरवायला तिनं स्पीकर लावला होता. चारशे पानांनंतर स्पीकर! मावशी थक्क होऊन बसून राहिली.

"स्पीकर? पाण्याखाली?"

"म्हणून तर माझा आवाज पडत होता," प्राजक्ता म्हणाली. "मी त्या दिवशी डबा पण पूर्ण नाही खाल्ला, इतका राग आला. आणि तुम्हाला इतकी मजा येत होती. काय सांगणार मी?"

मग दोघींनी मिळून त्या लेखकाला जे काही म्हटलं, ते हेमंतनं मला सांगितलेलं नाही. मला मात्र स्वतंत्र फोन आला: असलं पुस्तक पाठवण्याआधी शेवट तपासत जा म्हणून.

प्राजक्तानं पुढचं पुस्तक निवडलं ती प्रेमकथा. मावशीनं एवढ्या वर्षांत हा एकच प्रकार कधी हातात धरला नव्हता. "गुलाबी," असं म्हणून ती नाक मुरडायची. आता शब्द दिला होता, त्यामुळे मुकाट ऐकावं लागलं. नाशिकची एक दंतवैद्य बाई, चाळिशीची, नवऱ्याचं घर सोडायचं की नाही या विचारात, आणि वरच्या मजल्यावर आलेला एक अबोल भाडेकरू. पहिली तीन प्रकरणं मावशी सुस्कारे टाकत होती. चौथ्यात त्या बाईनं भाडेकरूची दाढ काढली, आणि मावशीनं विचारलं, "मग?"

एवढ्यात प्राजक्ताच्या ऑफिसनं पाळी बदलली. आता तिला सकाळी आठलाच निघावं लागतं. संध्याकाळी येते ती दमून. वाचन फक्त रविवारी, तेही पाहुणे नसतील तर. मागचा रविवार तर गॅसवाल्यानं आणि हेमंतच्या साहेबांनी खाल्ला.

काल मावशीचा फोन आला. मी नुसतं "बोल" म्हटलं.

"त्या बाईनं अजून बॅगसुद्धा भरलेली नाही," ती म्हणाली. "दहा दिवस झाले, दारात उभी आहे. आणि इथे रविवार येऊन नाही राहिला."