दोन सह्यांची पत्रं

खैरनार नाना टीव्ही बघायला बसण्याआधी इस्त्रीचा शर्ट घालत. घरचाच टीव्ही, घरचीच खुर्ची, तरी पायजम्यावर कडक पांढरा शर्ट. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हे कुठं लग्नाला निघालेत. विचारलं तर म्हणाले, "भाऊ, परक्याच्या घरी जातोय ना मी. त्यांनी दार उघडलं, या म्हणाले. मग असाच बनियनवर जाऊ का?"

नाना मूळचे सटाण्याकडचे. पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्यात जन्म गेला आणि निवृत्तीनंतर गंगापूर रोडला आमच्या इमारतीत, माझ्या खालच्या मजल्यावर राहायला आले. बायको आधीच गेलेली, मुलगी सुनंदा पुण्याला. बोलताना 'आहे'च्या जागी मधूनच 'शे' डोकावायचं. इंग्रजी त्यांना वाचून कळे, ऐकून कळत नसे. म्हणून दर मंगळवारी साडेआठला केबलवर ती दीपगृहाची मालिका लागली की मला खालून हाक यायची. परदेशातल्या एका बेटावर दीपगृह सांभाळणाऱ्या माणसाची मुलगी नाहीशी होते, एवढीच गोष्ट. मी अर्थ सांगायचो, नाना चहा पाजायचे.

मालिका अर्ध्यावर आली आणि चॅनेलने ती बंद केली. का, ते कोणी सांगितलं नाही. केबलवाला म्हणाला, "नाना, वरूनच बंद हे. मी काय करू?" मेन रोडच्या सीडीवाल्यांनी तिचं नावही ऐकलेलं नव्हतं. शेवटी सुनंदाच्या दिराने परदेशातून रीतसर विकत घेऊन अख्खा संच पाठवला. नानांनी शर्ट घातला, मला बोलावलं, डीव्हीडी आत सरकवली. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटली. ही डीव्हीडी तुमच्या देशात चालणार नाही. ती वाचायला नानांना माझी गरज नव्हती.

"पैसे देऊनबी दार बंदच शे," ते म्हणाले.

मग पत्रं सुरू झाली. दर तीन महिन्यांनी चॅनेलला एक. मालिका पुन्हा दाखवावी, नाहीतर इथं विकत तरी मिळावी. अक्षर नकाशावरच्यासारखं रेखीव. खाली पट्टीने आखलेल्या दोन रेघा, एकीवर त्यांची सही, दुसरीवर माझी. उत्तर कधीच आलं नाही. नाना म्हणत, "सरकारी नोकरी केली भाऊ मी. अर्ज कसा मुरू द्यावा लागतो, ते मला विचार."

आणि मी काय केलं? ऑफिसातल्या एका मित्राने उरलेले सगळे भाग इंटरनेटवरून उतरवून सीडीवर घालून दिले. मी ते चार दिवसांत संपवले, कानात इअरफोन घालून, कारण माझ्या फरशीखाली नानांचं छत होतं. पाचव्या दिवशी नाना नवं पत्र घेऊन आले आणि मी त्यावर सही ठोकली. लाज वाटली ती नंतर, आणि तीही पुरेशी नाही.

एकदा खडा टाकून पाहिला. "नाना, हल्ली असलं सगळं मिळतं म्हणे. फुकट."

नाना हसले. "मागच्या दारानं? मग शर्टाला इस्त्री कशाला करू?"

पुढे मी तो विषय काढला नाही. मंगळवारचा चहा मात्र मालिकेविनाही चालू राहिला. नाना शेवटाचे तर्क लढवत आणि मी मख्खपणे "असेल, असेल" करत बसे. एकदा ते म्हणाले, "पोरगी बुडालीच असणार."

"छे हो, ती तर मावशीकडे असते," माझ्या तोंडून निघून गेलं.

नानांची बशी ओठांपाशी थांबली. मग सावकाश चहा पिऊन ते म्हणाले, "यंदा पिंपळगावची द्राक्षं काही गोड नाहीत." मी सुटलो असं समजलो. त्यानंतर सहीसाठी पत्र आलं नाही. म्हटलं, कंटाळले असतील.

दोन वर्षांनी नानांनी अंथरूण धरलं. त्या सीड्या पिशवीत घालून मी तीनदा खाली गेलो आणि तीनदा तशाच वर आणल्या. निदान शेवट तोंडाने सांगावा, तर मी तो पाहिलाय हे कबूल करावं लागणार. मरणाऱ्या माणसापुढेही मला माझी अब्रू प्यारी होती. नाना शेवट न पाहताच गेले.

तेराव्यानंतर सुनंदाने एक फाइल माझ्या हातात दिली. "दादा, यात तुमच्याही सह्या आहेत. तुम्हीच ठेवा."

पत्रांच्या प्रती होत्या. नाना कंटाळले नव्हते. माझ्याकडे न येता त्यांनी आणखी आठ पत्रं पाठवली होती आणि त्या आठांखाली एकच रेघ होती. त्यातल्या पहिल्या पत्रात, त्याच रेखीव अक्षरात, त्यांनी चॅनेलला कळवलं होतं: "माझ्या शेजाऱ्यांची तक्रार आता राहिलेली नाही, म्हणून त्यांची सही घेतलेली नाही. मी अजून दाराशी उभा आहे."