चार ठिपके

आज ऑफिसात शेजारच्या सायलीने माझा कोड तपासताना एक ओळ खोडली. ग्राहक हाती आला की त्याचं नाव कसं काढायचं, ते मी त्या ओळीत सविस्तर समजावलं होतं. तिने तिथे ग्राहक, दोन कोलन आणि नाव काढणाऱ्या मेथडचं, म्हणजे आधीच लिहून ठेवलेल्या कृतीचं, नाव एवढंच ठेवलं. "ज्याला काम येतं त्याला फक्त पुढे कर गं. शिकवत कशाला बसतेस?" पुढे कोडमध्येच ग्राहकांच्या नव्या नोंदी घडवायच्या होत्या, तिथे तर दोन कोलनांनंतर नुसतं 'न्यू', म्हणजे नवा. जणू मोदक न देता साचाच देऊन टाकला.

ते चार ठिपके मला दारातल्या रांगोळीसारखे दिसायला लागले. कोडमध्ये मेथडच्या नावापुढे कंस आला की तिला लगेच हाक जाते; इथे कंस नाही, म्हणजे आत्ताच हाक नाही. नाव सांगून ठेवायचं आणि निर्धास्त व्हायचं. केवढा हा विश्वास!

संध्याकाळी सोसायटीच्या गणपतीची बैठक होती. मसालेभात दरवर्षी मीच करते, आणि तोंडली कशी चिरायची ते आमचे सेक्रेटरी जोशीकाका दरवर्षी मला समजावतात. काकांना साधा कुकर लावता येत नाही. यंदा ते सुरू होण्याआधीच मी त्यांना ठिपक्यांची गोष्ट सांगितली. काका बेहद्द खूश झाले. घरी पोचते तोवर ग्रुपवर त्यांचा मेसेज हजर होता: "मंजिरी :: मसालेभात."

मला भरूनच आलं.

तेवढ्यात खाली दुसरा आला: "तांदूळ मात्र धुऊन घे हं."