सानिकाची अकरा गणितं

"एका टॅबवर पाच पोरं बसतात हा सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम नाही. तुमच्या गावाचा प्रॉब्लेम आहे."

सर हे हसत म्हणाले. म्हणून लॅबमधले सगळे हसले. मीही हसले. सरांच्या बोलण्यापेक्षा त्या हसण्याची लाज मला आजही जास्त वाटते.

कोल्हापुरातलं आमचं इंजिनिअरिंग कॉलेज. शनिवारची दुपार. शाळेतल्या पोरांना गणित शिकवणारं एक मोफत सॉफ्टवेअर आहे. त्याचा कोड सगळ्यांना खुला. कुणीही दुरुस्ती करून पाठवावी. आमचा वीसेक विद्यार्थ्यांचा गट त्यावर काम करायचा. सर त्याच कॉलेजात शिकलेले, आता पुण्यात मोठ्या कंपनीत; शनिवारी येऊन आमचा गट तेच चालवायचे. पुढच्या सहा महिन्यांत कुठलं काम आधी घ्यायचं, ते त्या दिवशी ठरणार होतं.

ठरवायची पद्धत अशी. बोर्डवर कामांची यादी. प्रत्येकाला तीन टिकल्या. जे काम महत्त्वाचं वाटतं त्याच्यापुढं टिकली चिकटवायची. कपाळाला लावतो त्याच टिकल्या. पाकीट आणायला सरांनी मलाच पाठवलं होतं. "तुला बरोबर माहीत असेल, कुठं मिळतात."

पाकीट मी आणलं. वाटताना सर माझ्यापुढून सरळ पुढं गेले.

"सर, मला?"

"ज्यांचा कोड सॉफ्टवेअरमध्ये घेतला गेलाय त्यांनाच मत. तू भाषांतरात आहेस ना?"

मी भाषांतरात होते, कारण मला तिथं बसवलं होतं. कोड मी लिहिला होता. एका टॅबवर एकामागून एक पोरं बसली तरी प्रत्येकाचं काम वेगळं राहावं, एवढाच. तो तीन महिने तसाच पडून होता. का? प्रायोरिटी नाही म्हणून कुणी तपासला नाही. प्रायोरिटी का नाही? टिकल्या पडल्या नाहीत म्हणून. टिकली मी का लावू शकत नाही? माझा कोड घेतला गेला नाही म्हणून.

या गोलातून बाहेर यायला दार कुठं होतं, मला सांगा.

त्या दिवशी सगळ्यात जास्त टिकल्या पडल्या त्या पडदा काळा करायच्या, म्हणजे डार्क मोडच्या, सोयीला. दुसरा नंबर, बरोबर उत्तर आलं की पडद्यावर फटाके उडायचे, त्याचा. यादीतल्या माझ्या कामाच्या ओळीपुढं एकही नाही.

मी परत भाषांतराला बसले. मुरगूडच्या पलीकडं माझं गाव. आण्णा, माझे वडील, गवंडीकाम करतात. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. नोकरीसाठी सरांचं शिफारसपत्र हवं होतं आणि ते द्यायचं की नाही हे सरांच्या हातात होतं. आण्णा रोज फोनवर विचारायचे, "पत्र दिलं का गं सरांनी?" मी म्हणायची, "देतील की."

पंधरा दिवसांनी आमचा गट माझ्याच गावच्या शाळेत गेला. मीच ठरवून दिलं होतं. चौथीचा वर्ग. सानिका नावाची पोरगी पहिली बसली. अपूर्णांकाची अकरा गणितं सोडवली तिनं. ओठ चावत, बोटं मोजत. मग टॅब दुसऱ्या पोरीकडं गेला आणि सानिकाचं सगळं पुसलं गेलं.

ती माझ्याकडं आली. "ताई, माझी गणितं कुठं गेली?"

वर्गाच्या बाई म्हणाल्या, "तुमचंच हाय न्हवं ह्ये? मग सांगा की तिला."

मागं आमच्यातली एक मुलगी फोटो काढत होती. मी वाकले आणि म्हणाले, "पुन्हा सोडव बाळ."

सानिका म्हणाली, "मी केलती की."

बास. एवढंच बोलली. मला कळलं, सरांनी मला जे केलं तेच मी हिला केलं. तेही गोड आवाजात.

पुढच्या शनिवारी सरांनी वार्षिक अहवाल पडद्यावर दाखवला. त्यात तो फोटो. वाकलेली मी, समोर सानिका. खाली लिहिलेलं, 'ग्रामीण विद्यार्थिनींचा सहभाग'.

"यावर तू दोन मिनिटं बोल. तुझ्या गावच्या भाषेत बोल. छान वाटतं ते."

मी उठले.

"सर, माझा फोटो काढा तिथनं."

"का?"

"त्या पोरीची अकरा गणितं आपण पुसली. त्याच वेळचा फोटो हाय ह्यो."

कुणी हसलं नाही. सर जवळ आले. हळू आवाजात म्हणाले, "पत्र माझ्याकडूनच हवंय ना तुला?"

खोटं कशाला सांगू? आण्णांचा आवाज कानात होता.

"न्हाय," मी म्हणाले.

टेबलावर उरलेल्या टिकल्यांचं पाकीट होतं. त्यातली एक काढली आणि माझ्या ओळीपुढं लावली. सरांनी ती नखानं खरवडून काढली. "नियम म्हणजे नियम."

पत्र मिळालं नाही. सरांच्या कंपनीचं दार बंद झालं. आता मी उचगावात एका छोट्या दुकानात संगणक दुरुस्त करते. आण्णा पत्राचं विचारत नाहीत. ते न विचारणं जास्त लागतं.

पण कोड खुला आहे. त्याची प्रत मी घेतली. माझ्या प्रतीत यादी माझी. पहिली ओळ : दुसरी पोरगी बसली तरी पहिलीचं पुसायचं नाही. मूळ प्रकल्पात, सगळ्या जगाला दिसेल अशी, सानिकाच्या अकरा गणितांची तक्रार मी मराठीत लिहिली. प्रकल्प चालवणाऱ्यांनी 'प्रायोरिटी नाही' म्हणून ती बंद केली. मी पुन्हा टाकली. पुन्हा बंद केली. कालही केली.

आज पुन्हा टाकली आहे. उद्या बंद केली तर परवा टाकीन. 'पुन्हा सोडव' हे मी आता कुठल्याच पोरीला सांगणार नाही.