गाडीखालची बॅटरी

सुर्ल्याच्या जयरामला बॅटरीची किळस होती, आणि पोट चाललं होतं बॅटरीवरच. खाणीचे ट्रक जोरात धावत होते तेव्हापासून तो त्यांच्या बॅटऱ्या बघायचा. पाणी घाला, ॲसिड तपासा, टर्मिनल घासा. चार्जिंगला लावली की ती मेली उकळायची आणि सडक्या अंड्यांचा वास शेडभर पसरायचा. शर्टांना भोकं पडायची, बोटांची सालं निघायची. विहिरीवर अंग घासून तो जेवायला बसे, तरी घास नाकापाशी आला की त्याला शिसारी यायची.

लेक अंकिता आणि पेडण्याचा जावई विशाल यांनी जुनी मिनीबस घेऊन तिचं फिरतं घर करायला काढलं, तेव्हा वायरिंग साहजिकच जयरामकडे आलं. छतावर सोलर पॅनेल, आत पलंग, दिवे, छोटा हीटर आणि या सगळ्याला पुरेल अशी लिथियमची बॅटरी. जानेवारीत स्पितीला जायचं, बर्फ बघायचा. विशालने आजवर बर्फ पाहिला होता तो मासळीबाजारातला.

तरी बिचाऱ्याने चौकशी केली होती. म्हणाला, "बाबा, ही बॅटरी गोठली तर चार्जिंग घेत नाही. पलंगाखाली ठेवूया. आमच्याच उबेत राहील."

लेक बॅटरीवर झोपणार या विचारानेच जयरामच्या अंगावर काटा आला. "माझां चेडू बॅटरीवर निजतलां? शी!"

हिच्यात ॲसिड नाही, ही उकळत नाही, हिला वास नाही, असं विशाल सांगत राहिला. ऐकतो कोण? जयराम एवढा ओरडला की शेजारची कोंबडी गव्हाणीखाली पळाली. ट्रकाची बॅटरी बाहेर लोंबते, वारा खाते, तशीच ही लोंबेल. त्याने गाडीच्या पोटाखाली चहूबाजूंनी हवा लागेल असा पिंजरा वेल्ड केला आणि बॅटरी त्यात आवळून टाकली. अंकिता एक शब्द बोलली नाही. सुमंगलेने मात्र नवऱ्याच्या नादी न लागता जुन्या लुगड्यांची एक गोधडी शिवली. बाहेर तर बाहेर, पांघरूण तरी असू दे. आता भर जानेवारीत पंखा लावून झोपणारी माणसं ही, यांना थंडीतलं काय कळणार! गोधडीत माणूस गरम राहतो, कारण तो मुळात गरम असतो. गारठलेल्या बॅटरीला गुंडाळलं तर आत राहतो तो गारठाच.

गाडी गेली. अंकिताचा फोन रोज यायचा. "सगळां बरां आसा, बाबा." हीटर चालतो? "चालता." जयराम खूश. शेडमध्ये येईल त्याला सांगायचा, माझ्या हातचं काम हिमालयात चाललंय.

मग एका दुपारी विशालने सासूला फोटो पाठवला. गोधडीबद्दल आभार मानले होते. फोटोत पलंग, पलंगाखाली गोधडी आणि गोधडीतून डोकं काढलेली ती बॅटरी. तिला टेकून गरम पाण्याची पिशवी, आणि वर पलंगावर अंकिताची उशी.

जयरामने तिथल्या तिथे लेकीला फोन लावला. "भायर काढ ती घाण! आदी भायर काढ! जनेल उघड, वारो येवंदे!"

अंकिता ऐकत राहिली. बाप दम घ्यायला थांबला तेव्हा म्हणाली, "बाबा, ती भायरच होती. आमी पोचलाव त्या राती गोठली. सकाळी लख्ख ऊन, पॅनेल तापलेली, पण ती चार्जिंग घेयना. हीटर बंद, दिवे बंद. असे तीन दिवस काढले. काल विशालान बर्फात निजून तुमचे बोल्ट सोडवले आणि ती आत घेतली. आज चालता. वास नाय बाबा, कसलोच नाय."

"तीन दिवस?" जयराम म्हणाला. "आनी माका रोज बरां आसा म्हणून सांगी होतंस?"

"सांगितलां असतां तर तुमी आरडला असतात."

त्याच्या तोंडात आलेली शिवी तिथेच राहिली. पोर अंधारात कुडकुडत होती, आणि बापाला कळवण्यापेक्षा तिला ते परवडलं होतं. ॲसिडची कधी आली नव्हती एवढी किळस त्याला आता आली, आणि ती बॅटरीची नव्हती. सुमंगला दारात उभी राहून त्याच्याकडे बघत होती. तिचंही काही म्हणणं नव्हतं. या घरात कोण काय म्हणणार?

मग जयराम हळू आवाजात म्हणाला, "थंडी लागता गो तुका?"

पलीकडे अंकिता दचकली. "बाबा," ती घाबरून म्हणाली, "तुमी बरे आसात मां? आईक फोन दिया बघू."