मधली पट्टी

कुवेतच्या उकाड्यात शेकोटी हवी कुणाला, हे विचारायचं मी पहिल्याच वर्षी सोडून दिलं. श्रीमंतांच्या बंगल्यात भिंतीत विजेची शेकोटी बसवतात, आतल्या ज्वाळा खोट्या, आणि तिच्याभोवती खरीखुरी लाकडी चौकट लागते. ती चौकट आम्ही करायचो. आम्ही म्हणजे मी आणि आमच्याच गावचे सुतारकाका. मला रंधा धरायला त्यांनी शिकवलं, इथे आणलंही त्यांनीच. कुवेतमधल्या रिग्गई भागातल्या खोलीत आमच्या खाटा शेजारी शेजारी होत्या.

वर्कशॉपमध्ये फोरमनची जागा रिकामी होणार होती. हाताचं कसब बघितलं असतं तर ती काकांचीच. पण वर्कशॉपच्या डिझायनर बाईंना इंग्रजी शब्द समजणारा माणूस हवा होता. मी कॅटलॉग घेऊन बसलो आणि पाठच केलं सगळं. वरची फळी म्हणजे मँटेल. तिला खालून टेकू देतात ते कॉर्बेल. बाजूचे चपटे खांब पिलास्टर, त्यांना जोडणारी आडवी पट्टी फ्रीझ, खालची लादी हार्थ. कोरीव काम असलं की क्लासिकल, सरळ रेघा असल्या की मॉडर्न. काका दोनदा म्हणाले, मलाही सांग. शुक्रवारी सुट्टीत बघू, असं म्हणून मी टाळलं. असे कितीतरी शुक्रवार गेले.

मग एक मॉडर्न चौकटीचं काम आलं. ड्रॉइंगवर 'फ्रीझ प्लेन' असं लिहिलं होतं, म्हणजे मधली पट्टी कोरी ठेवायची. बाईंनी ते मला दाखवलं आणि काकांना सांगायला सांगितलं. मी मापं सांगितली, पट्टीचं सांगितलं नाही.

काका काय करणार ते मला पक्कं ठाऊक होतं. आमच्याकडे दाराच्या चौकटीवर मधोमध गणेशपट्टी असते, आणि ती कोरी ठेवून काकांनी आयुष्यात एकही चौकट हातावेगळी केली नव्हती. परक्याच्या घरात देव नको म्हणून त्यांनी कमळ कोरलं. तीन दिवस कोरत होते. मी शेजारीच पॉलिशपेपर घासत होतो. इतकं देखणं कमळ मी पुन्हा पाहिलं नाही.

बंगल्याच्या मालकाने चौकट परत पाठवली. न विचारता मनमानी केली, असा ठपका काकांवर आला आणि त्यांचं कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढलं नाही. मी सांगायला विसरलो, एवढं खोटंसुद्धा माझ्या तोंडून निघालं नाही. फोरमन मी झालो.

गेल्या सुट्टीत गावी त्यांच्याकडे गेलो. ते पडवीत कुणाच्या तरी दाराचं काम करत होते. चहा झाल्यावर त्यांनी सहज विचारलं, त्या मधल्या पट्टीला तिकडे काय म्हणतात. मी म्हटलं, फ्रीझ. साधी ठेवायची असली तर? प्लेन फ्रीझ, मी म्हटलं, ड्रॉइंगवर लिहिलं होतं तसं. बोलून गेल्यावर मला कळलं, मी काय बोललो ते.

काकांचा रंधा थांबला.

"इतक्याच होता?" ते म्हणाले. "मगे माका तेव्हाच सांगूक काय झाला तुका?"

मी मापं बरोबर सांगितली होती, असं काहीतरी पुटपुटलो. ते मान हलवून पुन्हा कामाला लागले.