माल्सुन आजींच्या दंडावरची पट्टी

बावीस वर्षं ओक्बुन कोरियातल्या देगू शहरात एकाच सार्वजनिक न्हाणीघरात बायकांची अंगं घासत होती. गरम हौदात भिजून बाई पाटावर आडवी झाली, की खरखरीत हातमोजा चढवायचा आणि मळाच्या वळ्या काढायच्या. जीभ तिखट, पण हात मायेचा. म्हाताऱ्यांच्या अंगावर ठिकठिकाणी दुखण्यावरच्या औषधी पट्ट्या असायच्याच. त्या ती न विचारता सोलून टाकी आणि शेवटी आपल्या पदरची नवी चिकटवी. त्यात विचारायचं काय?

माल्सुन आजी दर गुरुवारी यायच्या. त्या गुरुवारी पाटावर पडताच घोरू लागल्या. दंडामागे एक पट्टी होती. ओक्बुनने ती काढली, जागा लाल होईस्तोवर घासली आणि वर नवी लावली.

पुढच्या आठवड्यात आजींची मुलगी मिग्योंग त्यांची आंघोळीची टोपली न्यायला आली.

"आई आता यायची नाही, मावशी. तिला मधुमेह आहे. कुणाला सांगायची नाही, लाज वाटायची. सुईला घाबरते म्हणून डॉक्टरांनी कातडीतून इन्सुलिन देणारी पट्टी लावली होती. नवीनच आहे, अजून तपासून बघताहेत. शनिवारी साखर चढून बेशुद्ध सापडली. बघतात तर त्या जागी कंबरदुखीची पट्टी! स्वतःच बदलली असणार, पण म्हणते, मी हातसुद्धा लावला नाही. डोकं काम देत नाही तिचं. एक तारखेला वृद्धाश्रमात ठेवतोय."

ती पट्टी आपणच काढली होती, हे ओक्बुनला कळलं. पण तोंडातून निघालं ते एवढंच, "साबण ओला आहे, पिशवीत घाला."

नऊ दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. हे बाहेर पडलं तर तिच्या हाताखाली कोण झोपणार होतं? चोराच्या मनात चांदणं! कुणी नुसतं "आजी दिसत नाहीत?" म्हटलं तरी तिचा हात थांबे. एका म्हातारीला स्वतःच्या डोक्याची भीती घालून आपण पोट भरतोय, हे तिला पक्कं कळत होतं. स्वतःची किळस येत होती.

दहाव्या दिवशी ती आजींकडे गेली. भिंतीभर चिठ्ठ्या होत्या: गॅस बंद कर, दार लाव.

"ये गं. आज वार कुठला ते विचार मला," आजी म्हणाल्या. "सकाळपासून पाठ करतेय."

ओक्बुनने गुडघे टेकले. "आजी, ती पट्टी मी काढली. तुम्ही झोपला होतात. वर माझी लावली. मिग्योंग आली त्याच दिवशी मला कळलं, तरी गप्प बसले."

"मी नाही काढली?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की, आजी."

आजींनी तिचे दोन्ही हात धरले आणि हुंदके देऊन रडू लागल्या. "बरं झालं गं सांगितलंस. फार उपकार झाले!"

"उपकार कसले? शिव्या द्या मला."

"देईन, सावकाश देईन." आजींनी फोन तिच्यापुढे सरकवला. "आधी मिग्योंगला तू सांग. माझं आता कुणी खरं मानत नाही."